भात आहे, मग गहू कुठून आला? इटालियन भाताचे पदार्थ आणि ग्लुटेनमुक्त ताट

(सेवाग्राम येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

विषयाचं नाव ऐकून काही जण हसले असतील. सेवाग्रामात बसून इटालियन भाताची चर्चा! इथे माणूस येतो तो झुणका-भाकर खायला, साधं वरण-भात खायला. पण आम्ही हा विषय हौसेनं निवडलेला नाही. तो आमच्या घरात एका लग्नाच्या जेवणातून आला, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आमच्या घरात एक मुलगी आहे, तिला सिलिअ‍ॅक आजार आहे. वयाच्या अकराव्या वर्षी निदान झालं. त्याआधी तीन-चार वर्षं रक्त कमी, वाढ कमी, पोट फुगलेलं, आणि घरातले सगळे म्हणायचे, "पोरगी नीट जेवत नाही." निदान झाल्यावर घरातली कणीक बंद झाली, ज्वारीची भाकर आणि भात सुरू झाला, आणि पोरगी वर्षभरात उभी राहिली. सगळं नीट चाललं होतं. मग नात्यातलं एक लग्न आलं. आता आपल्याकडच्या लग्नांत, वर्धा असो की नागपूर, एक 'इटालियन काउंटर' असतोच. तिथे पास्ता होता, तो तिनं टाळला. शेजारी रिसोट्टो होता. आम्हीच तिला सांगितलं, "अगं, हा भात आहे. भातात कुठला गहू? घे." त्या रात्री तिला उलट्या झाल्या, पुढे चार दिवस पोट धरून पडून होती.

चूक वाढणाऱ्याची नव्हती. त्यानं विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या आचाऱ्याशी बोललो. त्यानं अगदी मोकळेपणानं सांगितलं: भात घट्ट दिसावा म्हणून त्यात थोडा व्हाइट सॉस टाकला होता, आणि व्हाइट सॉस म्हणजे मैदा. आजचं सगळं बोलणं त्या एका वाक्याभोवती आहे. भात सुरक्षित असतो. भाताचा पदार्थ सुरक्षित असेलच असं नाही.

आधी ग्लुटेन म्हणजे काय ते बघू

कणीक भिजवली की ती ताणली जाते, चिकटते, पोळी फाटत नाही. हा गुण ज्या प्रथिनांमुळे येतो, त्यांच्या समूहाला ग्लुटेन म्हणतात. ते गव्हात असतं. त्याच्या जवळची प्रथिनं जव म्हणजे सातूत आणि राय या धान्यात असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी यांत ते नसतं. म्हणून तर ज्वारीची भाकर थापावी लागते, पोळीसारखी सहज लाटता येत नाही. भाकर थापताना पीठ तुटतं म्हणून ज्या सुना वैतागतात, त्या खरं तर ग्लुटेन नसल्याचाच अनुभव घेत असतात.

इथे एक गोंधळ आधीच दूर करू. रिसोट्टो चिकट असतो, म्हणून त्यात ग्लुटेन असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तांदळाचा चिकटपणा त्यातल्या स्टार्चमुळे येतो. त्या स्टार्चचा अमायलोपेक्टिन नावाचा घटक ज्या तांदळात जास्त, तो भात चिकट. आपला आंबेमोहर मऊ-चिकट होतो, बासमती मोकळा राहतो, हा फरकही बराचसा त्याच्यामुळेच. इंग्रजीत चिकट तांदळाला जे नाव आहे ते ग्लुटेनसारखं ऐकू येतं, पण त्याचा ग्लुटेनशी संबंध नाही.

आजार नेमका काय आहे

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हाची साधी अ‍ॅलर्जी नाही आणि 'गहू पचत नाही' अशी तक्रारही नाही. यात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण व्यवस्था आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नातलं सत्त्व शोषून घेण्याचं काम ते करतात. ते झिजून सपाट होतात. मग माणूस खातो, पण अंगी लागत नाही. लोह कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते, बायकांना गर्भधारणेत अडचणी येतात. कित्येकांना जुलाब होतच नाहीत; फक्त न सुधारणारा रक्तक्षय असतो. आपल्या भागात रक्तक्षय इतका सर्रास आहे की त्यामागे हे कारण असू शकतं हे लक्षातच येत नाही.

या आजाराची गोष्ट रंजक आहे. १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी आजाराचं नीट वर्णन केलं आणि उपाय झालाच तर तो आहारातूनच होईल, असंही सांगितलं. पण आहारातलं नेमकं काय, ते कळायला आणखी साठेक वर्षं गेली. विलेम डिके नावाचे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ होते. गहू काढला की ही मुलं सुधारतात, असं त्यांना युद्धाआधीपासून दिसत होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेना. तेव्हाचा अनुभवही त्यांच्या म्हणण्याला जोड देणारा ठरला. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला आणि गव्हाकडे बोट दाखवलं.

आपल्याकडचं चित्र काय? दिल्ली परिसरात लोकवस्तीत केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला. नंतर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी होती. या आजाराची प्रतिपिंडं उत्तरेत १.२३ टक्के लोकांत सापडली, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्के. आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्ही भागांत साधारण एकतृतीयांश लोकांत होती. फरक होता तो रोजच्या गव्हाचा. उत्तरेतली माणसं दक्षिणेपेक्षा कितीतरी पट गहू खात होती.

आता आपण वर्ध्याची माणसं कुठे बसतो? आमच्या आजीच्या ताटात रोज ज्वारीची भाकर आणि पोळी सणावारी. आज घराघरांत दोन्ही वेळा पोळी, सकाळी ब्रेड, संध्याकाळी बिस्किट. यावरून आम्ही काही सिद्ध करत नाही. पण 'हा पंजाबातला आजार आहे, आपल्याकडे कुठे?' असं म्हणून सोडून देऊ नका, एवढंच सांगणं.

किती ग्लुटेन म्हणजे जास्त?

पथ्य पाळणारा माणूस म्हणतो, "एका घासानं काय होतंय?" चला, हिशेब करू.

एका पोळीला साधारण पंचवीस ग्रॅम कणीक लागते. त्यात सुमारे दोन ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे २००० मिलिग्रॅम. सिलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चालून जातं असं मानलं जातं. म्हणजे एका पोळीचे दोनशे तुकडे करा आणि त्यातला एक उचला. इटलीतल्या एका अभ्यासात, तो २००७ साली प्रसिद्ध झाला, रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तर रसांकुरांना इजा झालेली दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा चाळिसावा भाग. ताटाखाली सांडतो तेवढा चुरा.

आता त्या लग्नातला रिसोट्टो घ्या. समजा दहा जणांच्या भातात एक मोठा चमचा मैदा गेला. आठ ग्रॅम मैद्यात सहाशे मिलिग्रॅमच्या पुढे ग्लुटेन. प्रत्येकाच्या ताटात साठेक मिलिग्रॅम. ना डोळ्यांना दिसलं, ना जिभेला कळलं, आणि पाव न खाता मर्यादा ओलांडली.

पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं असेल तर आपल्या एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे एक किलो पदार्थात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आंतरराष्ट्रीय मापही हेच आहे. त्या मर्यादेवरचा तीनशे ग्रॅम भात खाल्ला तरी सहा मिलिग्रॅम होतात. हा आकडा हवेतून काढलेला नाही, पोटभर जेवता यावं म्हणून तो तसा ठेवला आहे.

आणखी एक. ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे. "उकळलं की मरतं" हे इथे लागू नाही. पास्ता उकळलेल्या पाण्यात ते राहतं, तळणाच्या तेलात राहतं, भाजून-शिजवून जात नाही.

रिसोट्टो कसा होतो, आणि गहू कुठे शिरतो

इटलीच्या उत्तरेला पो नदीचं खोरं आहे. व्हेर्चेल्ली, नोव्हारा, पाव्हिया हे तिथले भाताचे जिल्हे. युरोपीय संघात सर्वाधिक तांदूळ इटलीत पिकतो. आपल्याकडे भंडारा-गोंदियात बाया चिखलात वाकून रोवणी करतात, तसंच तिथे बायांचे तांडे गुडघाभर पाण्यात उभे राहून निंदण करायचे. त्यांना 'मोंदिने' म्हणत. त्यांच्यावर १९४९ साली निघालेला सिनेमा जगभर गाजला. म्हणजे रिसोट्टो हा मुळात भात पिकवणाऱ्यांच्या मुलखातला भात आहे, आपल्या गोळाभातासारखा.

त्याचे तांदूळ आखूड, जाड दाण्याचे: आर्बोरिओ, कार्नारोली, व्हिआलोने नानो. कृती पाच पायऱ्यांची. लोण्यात कांदा परतायचा. त्यात कोरडे तांदूळ गरम होईस्तोवर परतायचे. थोडी वाइन टाकायची, नको असेल तर वगळायची. मग उकळता रस्सा पळी-पळीनं घालत सोळा ते अठरा मिनिटं शिजवायचं. शेवटी आच बंद करून लोणी आणि किसलेलं चीज घालून घोटायचं. घट्टपणा तांदळाच्या स्टार्चमधून येतो. मैदा कुठेच नाही. घाईच्या स्वयंपाकघरात मात्र अठरा मिनिटं ढवळायला माणूस नसतो, म्हणून व्हाइट सॉसची पळवाट.

तेव्हा पायरी-पायरीनं विचारायचं ते असं.

तांदूळ खरंच तांदूळ आहे का? 'ओर्झो' किंवा 'रिझोनी' नावाचा पास्ता असतो, हुबेहूब तांदळासारखा दिसतो, आणि तो गव्हाचा असतो. इटलीत 'ओर्झो' म्हणजे जव, आणि 'ओर्झोत्तो' म्हणजे जवाचा रिसोट्टो. 'फार्रो' हा गव्हाचाच जुना प्रकार, त्याचा 'फार्रोत्तो'. नाव ऐकायला सारखं, ताट वेगळं. ही तिन्ही नावं वर्ज्य.

रस्सा कशाचा? घरी भाज्या उकळून केला असेल तर उत्तम. पण बहुतेक ठिकाणी वडी नाहीतर पावडर विरघळवतात. काही वड्यांत गव्हाचं पीठ किंवा जवाचा अर्क असतो, काहींत नसतो. "पाकीट दाखवता का?" असं विचारायला लाजू नका. आणि तो रस्सा पास्ता उकळलेल्या गंजातला नाही ना, तेही विचारा.

वाइन द्राक्षांची, ती चालते. बिअर जवाची, ती चालत नाही.

चीज? खरं पार्मिजानो दूध, मीठ आणि दूध फाडणारं रेनेट एवढ्यावर होतं. त्यात ग्लुटेन नाही. पण शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावं, ते रेनेट वासराच्या जठरातून येतं. पार्मिजानो शाकाहारी नाही. मिलानच्या पारंपरिक केशरी रिसोट्टोतही मांसाचा रस्सा आणि हाडातली मज्जा असते. किसलेल्या चीजची पाकिटं घेताना घटक वाचा.

वरून काय पडलं? सॉसेज असेल तर त्यात भरीला गव्हाचा चुरा असू शकतो. खेकड्यासारखी दिसणारी 'सुरिमी' बहुधा गव्हाचं स्टार्च घालून केलेली असते. कडेला लसणाचा पाव टेकवून ताट आलं, तर पाव उचलून ठेवून भात खाऊ नका. चुरा पडलेला असतो. नवं ताट मागा.

तळलेले आणि भाजलेले भात

सिसिलीचे 'आरांचीनी' आणि रोमचे 'सुप्ली' म्हणजे शिळ्या भाताचे तळलेले गोळे. आतला भात ठीक, पण बाहेर पावाचा चुरा घोळलेला असतो. ते टाळायचेच, ग्लुटेनमुक्त चुऱ्यात घोळून वेगळ्या तेलात तळले असतील तरच खायचे. नेपल्सचा 'सार्तू' हा भाताचा मोठा साचा. त्या साच्याला आतून पावाचा चुरा लावतात. तांदळाच्या गोड केकच्या भांड्यालाही कुठे कुठे चुरा किंवा पीठ लावतात. 'मिनेस्त्रोने' सूपमध्ये कधी तांदूळ असतो, कधी पास्ता. काल पास्ता, आज तांदूळ, आणि गंज तोच, असंही होतं.

त्यातल्या त्यात निर्धास्त काय? व्हेनिसकडचा 'रिझी ए बिझी', म्हणजे मटार आणि तांदूळ. उन्हाळ्यातलं थंड 'इन्सालाता दि रिझो', भाताची कोशिंबीरच म्हणा. आणि परतून खरपूस केलेला कालचा रिसोट्टो, 'रिझो अल साल्तो'. यांत मुळात पीठ लागत नाही. रस्सा, भांडं, पळी एवढं विचारलं की काम होतं.

घरी करायचा तर

आमच्या घरी आता महिन्यातून एकदा होतो. चौघांना तीनशे ग्रॅम तांदूळ आणि एक ते सव्वा लिटर रस्सा. रस्सा कांदा, गाजर, टोमॅटो, मिरी असा उकळून गाळून घेतो.

एक अडचण मात्र नीट समजून घ्या. आपण भाताचे तांदूळ धुतो. रिसोट्टोचे धूत नाहीत, कारण धुतलं की स्टार्च जातो आणि घट्टपणा येत नाही. किराणा दुकानात सुट्या तांदळाचं पोतं गव्हाच्या पोत्याशेजारी असतं, माप तेच, तराजू तोच. गव्हाचे दाणे आणि पिठाची धूळ येणारच. वरण-भाताला ते तांदूळ परातीत पसरून निवडावेत, मग दोन-तीनदा धुवावेत. रिसोट्टोला मात्र बंद पाकिटातले, ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच घ्यावेत. आर्बोरिओ महाग वाटला तर पाकिटातला आंबेमोहर वापरून पाहा. चव इटलीची येत नाही, पण मऊपणा येतो, आणि पोरं ताट चाटून खातात.

पळी लाकडी असेल तर वेगळी ठेवा. लाकडाच्या भेगांत कणकेचा अंश राहतो, धुऊन नीट निघत नाही. चाळणी वेगळी, लाटणं-पोळपाट वेगळं. स्टीलचं भांडं स्वच्छ घासलं की चालतं. ज्या ओट्यावर आत्ताच पोळ्या झाल्या, तिथे पीठ उडत असतं. म्हणून आधी हिचा भात, मग इतरांच्या पोळ्या, असा क्रम ठेवा. त्याला पैसा लागत नाही.

आपल्याकडचे तीन चोर

इटलीची चर्चा करताना घरच्या चोरांना विसरून चालणार नाही.

पहिला चोर हिंग. बाजारातल्या डबीतला हिंग बहुधा शुद्ध नसतो. खऱ्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळून तो केलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. आपला गोळाभात तांदूळ आणि हरभरा डाळीचा, वरून कडकडीत फोडणी. सगळं ग्लुटेनमुक्त, आणि फोडणीतल्या हिंगातून गहू आत. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. डबी फिरवून वाचा.

दुसरा चोर पिठाची गिरणी. ज्वारी आपली शुद्ध, पण आपल्या आधी कोणाचे तरी गहू दळले गेले. त्या जात्यातलं पीठ आपल्या डब्यात येतं. जमलं तर घरची छोटी गिरणी घ्या, किंवा दोन-तीन घरं मिळून घ्या.

तिसरा चोर प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, रवा गव्हाचा. आणि प्रसादाला नाही म्हणायचं कसं? आम्ही घरच्या पूजेला शिरा तांदळाच्या रव्याचा करायला लागलो. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो, ग्लुटेनबद्दल काहीच सांगत नाही. घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची सूचना असते, त्यात गहू लिहिलाय का ते बघायचं.

इटलीत काय करतात

गंमत बघा. पास्त्याचा आणि पावाचा देश, पण सिलिअ‍ॅक माणसाला तिथे फिरणं तुलनेनं सोपं जातं. रुग्णांची राष्ट्रीय संघटना तिथे १९७९ पासून काम करते, हॉटेलच्या लोकांना शिकवते. २००५ साली कायदा झाला. त्यात या आजाराला सामाजिक आजार मानलं आणि शाळा, दवाखाने, सरकारी भोजनालयांत ग्लुटेनमुक्त जेवण मिळण्याचा हक्क दिला. २०२३ साली मुलांच्या सरसकट तपासणीचाही कायदा केला. तिथे जाणाऱ्यांनी दोन वाक्यं पाठ करावीत: पुरुषानं "सोनो चेलिआको", बाईनं "सोनो चेलिआका", म्हणजे मला सिलिअ‍ॅक आहे. आणि "सेन्झा ग्लूतिने", ग्लुटेनविना. पाकिटावर आडवी रेघ मारलेली ओंबी दिसली की ते चिन्ह ओळखा.

आपल्या मुलीला उद्या नागपूर-पुण्याच्या वसतिगृहात राहावं लागेल. तिथल्या मेसमध्ये असा हक्क कुठे लिहिलेला नाही. आमची खरी काळजी ती आहे. रिसोट्टो हे निमित्त.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न: माझ्या मुलाचं पोट नेहमी बिघडतं. आठवडाभर गहू बंद करून बघू का?*

नका करू. आधी तपासणी करा. गहू बंद केला की रक्तातली प्रतिपिंडं हळूहळू कमी होतात आणि तपासणी चुकीची 'नाही' म्हणू शकते. टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी असते, गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा छोटा तुकडा घेऊन बघतात. गहू चालू असतानाच हे करायचं. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी डॉक्टरांना भेटा. आम्ही डॉक्टर नाही, घरातली अनुभवी माणसं आहोत.

*प्रश्न: चुकून खाल्लं तर उतारा काय?*

उतारा नाही. पाणी, ताक, मऊ भात, विश्रांती. उलट्या-जुलाब थांबत नसतील तर दवाखाना. आणि लक्षात ठेवा, त्रास झाला नाही म्हणजे इजा झाली नाही असं नाही. कित्येकांना काहीच जाणवत नाही आणि आतडं आत झिजत राहतं.

*प्रश्न: मग रोज भातच खायचा का?*

नाही हो. नुसत्या पांढऱ्या भातावर राहिलं तर लोह आणि तंतू कमी पडतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, पालेभाज्या हव्यातच. आपल्याकडे ते सगळं आहे. युरोपातला माणूस पावाला पर्याय शोधत फिरतो. आपल्या आजीनं तो चुलीवर थापून ठेवलेला आहे.

*प्रश्न: पंगतीत वेगळी पळी मागितली की लोक म्हणतात, "हे काय नवं सोवळं?"*

हा प्रश्न फार मोलाचा आहे, शेवट यावरच करू. आपण कुठे बसलो आहोत? गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले, तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. त्यांच्या आश्रमात सगळ्या जातींची माणसं एका स्वयंपाकघरातलं, एका पंगतीत जेवायची. तो त्या काळातला मोठा धडा होता. अशा गावात "माझी पळी वेगळी, माझं भांडं वेगळं" म्हणताना जीभ अडखळते. आमच्या मुलीचीही अडखळते. त्या लग्नात ती गप्प राहिली, त्यामागे हेही कारण होतं. चारचौघांत वेगळं दिसायचं नव्हतं तिला.

पण दोन्हीत फरक आहे. सोवळ्यात माणसाला दूर ठेवलं जातं. इथे पळी दूर ठेवायची, ती माणसाला जवळ बसता यावं म्हणून. एक पळी वेगळी ठेवली तर एक मूल पंगतीत बसून सगळ्यांबरोबर जेवू शकतं. नाही ठेवली तर ते घरून डबा आणून कोपऱ्यात खातं, किंवा येतच नाही.

म्हणून तुमच्या घरी पुढचं कार्य असेल तेव्हा आचाऱ्याला एवढंच सांगा: भाताचा एक गंज आधी काढून झाकून ठेव, त्याची पळी वेगळी, त्यात मैदा नको, डबीतला हिंग नको. आणि कोणी विचारलं तर त्या मुलाला उत्तर द्यायला लावू नका, तुम्हीच द्या. आमच्याकडे गेल्या महिन्यात बारसं झालं. यजमानांनी न मागता असा गंज ठेवला होता. आमची मुलगी पंगतीत बसली, दोनदा भात मागून घेतला. आम्हाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.